हातात पडणारं वजन

परदेशातल्या मराठी घरांत एक वस्तू हमखास सापडते. बॅगा तोलायचा छोटा, हूकवाला काटा. भारतात जायच्या आदल्या रात्री तो बाहेर निघतो आणि बॅग २३ किलोच्या आत बसेपर्यंत घरात काढघाल चालते.

समजा, लंडनच्या घरी बॅग बरोबर २३ किलो भरली. तीच बॅग, न उघडता, त्याच काट्याने मुंबईत पोचल्यावर पुन्हा तोलली. काटा अगदी अचूक असेल तर आकडा २२.९४ किलोच्या आसपास येईल. सुमारे ६० ग्रॅम कमी, म्हणजे मूठभर चिवडा. बॅग कोणी उघडलेली नाही, आतून काही सांडलेलं नाही, मग हे ६० ग्रॅम गेले कुठे?

बाजारातल्या साध्या काट्याला हा फरक पकडता येत नाही, कारण त्याची स्वतःचीच चूक याहून मोठी असते. पण फरक खरा आहे आणि त्याचं मूळ पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यात आहे. गंमत अशी की इतक्या बारीक फरकाचा पाठपुरावा करता करता माणसाला पृथ्वीचा खरा आकार कळला आणि जमिनीत एक फूटही न खणता तिच्या पोटात काहीतरी फार जड आहे, हेही कळलं. तो हिशोब आज पाहू.

फिरण्यामुळे आपण चिकटतो की सुटतो?

आधी एक गैरसमज दूर करू. पृथ्वी फिरते म्हणून आपण तिला चिकटून राहतो, ती थांबली तर आपण अवकाशात उडून जाऊ, असं बऱ्याच जणांना वाटतं. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. गुरुत्वाकर्षण येतं ते पृथ्वीच्या वस्तुमानामुळे. ती फिरो वा न फिरो, ती आपल्याला ओढणारच. फिरण्यामुळे त्या ओढीचा परिणाम किंचित कमी होतो, इतकंच.

का, ते समजायला गोफण आठवा. जोंधळ्याच्या शेतातली पाखरं उडवायला राखणदार गोफणीत दगड घालून गरगर फिरवतो, तेव्हा दोरी हाताला ओढ देते. आपल्याला वाटतं की दगड बाहेर पळायला बघतोय. खरं म्हणजे दगडाला फक्त सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला क्षणोक्षणी आत ओढून वळवत असते. दोरीचं एक टोक सोडलं की तो वळायचा थांबतो आणि सरळ सुटतो. वर्तुळात फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूला असं कोणीतरी आत ओढत राहावं लागतं.

आता विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. तो स्वस्थ उभा आहे असं आपण म्हणतो, पण २४ तासांत तो सुमारे ४०,००० किलोमीटरचं वर्तुळ पुरं करतो. त्याचा वेग सेकंदाला ४६५ मीटर आहे, म्हणजे ताशी १,६७० किलोमीटरहून जास्त. त्यालाही सरळ जायचं आहे आणि त्यालाही कोणीतरी वळवायला हवं. ते काम करणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. पृथ्वी त्याला जेवढं ओढते त्यातला थोडा भाग त्याला वर्तुळात वळवत ठेवण्यात खर्च होतो. उरलेली ओढ त्याला जमिनीवर दाबते आणि पायाखालचा काटा तीच दाखवतो.

पगारासारखंच आहे हे. करारावरचा आकडा एक आणि कर कापून हातात पडणारा आकडा दुसरा. पृथ्वीची शुद्ध ओढ हा करारावरचा आकडा. काटा मात्र आपल्याला नेहमी हातात पडणारं वजनच सांगतो.

फिरणाऱ्या पृथ्वीवर बसून पाहिलं, तर हाच खर्च बाहेर ढकलणाऱ्या बलासारखा भासतो. त्याला अपकेंद्री बल म्हणतात. दोन्ही भाषांत हिशोब तोच येतो.

कर किती?

विषुववृत्तावर वर्तुळात वळवायला लागणारं त्वरण सुमारे ०.०३४ मीटर प्रति वर्ग सेकंद आहे. पृथ्वीची ओढ सुमारे ९.८. म्हणजे कर आहे फक्त ०.३५ टक्के, किंवा अपूर्णांकात साधारण १/२८९. वेग एवढा प्रचंड असूनही कर इतका कमी का? कारण वर्तुळही तेवढंच अवाढव्य आहे. तासाभरात आपली दिशा जेमतेम १५ अंशांनी बदलते. इतक्या सावकाश वळणाला फार ओढ लागत नाही.

२८९ म्हणजे १७ चा वर्ग. लागणारी ओढ फिरण्याच्या गतीच्या वर्गाने वाढते. म्हणून पृथ्वी आजच्या १७ पट वेगाने फिरली असती, तर विषुववृत्तावरचा सगळा पगार करातच गेला असता. दिवस सुमारे १ तास २४ मिनिटांचा झाला असता आणि काट्याने शून्य दाखवलं असतं. पृथ्वीला अगदी लगटून फिरणाऱ्या उपग्रहाला एका फेरीला साधारण इतकाच वेळ लागतो. हा योगायोग नाही. त्या वेगाला विषुववृत्तावरचा प्रत्येक दगड स्वतःच उपग्रह झालेला असता.

ध्रुवावर हा कर शून्य आहे. तिथे उभा असलेला माणूस अक्षावरच आहे. तो कुठे जात नाही, २४ तासांत जागच्या जागी एक गिरकी घेतो. मधल्या अक्षांशांवर कर मधला. मुंबईत तो सुमारे ०.३१ टक्के आहे, लंडनमध्ये सुमारे ०.१३ टक्के.

पण लंडन आणि मुंबईच्या करांतला फरक येतो ०.१८ टक्के, आणि बॅगेच्या वजनातला फरक होता जवळजवळ ०.२७ टक्के. म्हणजे हिशोबात अजून काहीतरी आहे. ते काय, हे कळायला आपल्याला १६७२ सालात जावं लागेल.

कायेनचं मागे पडणारं घड्याळ

त्या वर्षी ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या कायेनला गेला. ही जागा विषुववृत्तापासून फक्त ५ अंश उत्तरेला आहे. मुख्य काम होतं मंगळाचं निरीक्षण. पॅरिसमधून आणि कायेनमधून एकाच सुमारास मंगळाची जागा मोजायची आणि त्यावरून त्याचं अंतर काढायचं. त्यासाठी रिशेजवळ उत्तम लंबकाचं घड्याळ होतं, पॅरिसमध्ये नीट लावून घेतलेलं.

कायेनमध्ये ते रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं. ताऱ्यांशी ताडून पाहिलं, तरी तेच. रिशेने मग एका सेकंदात एक झोका घेणारा साधा लंबक तयार करून त्याची लांबी मोजली. पॅरिसमध्ये ती सुमारे ९९४ मिलिमीटर भरत असे. कायेनमध्ये ती जवळजवळ ३ मिलिमीटरने कमी करावी लागली.

लंबकाला खाली खेचतं ते गुरुत्वाकर्षण. खेच कमी झाली की झोके संथ होतात आणि घड्याळ मागे पडतं. म्हणजे कायेनमध्ये खेच कमी होती. काहींनी शंका काढली की उष्ण हवेत धातूची दांडी लांबली असेल आणि त्यामुळे घड्याळ मंदावलं असेल. पण मीटरभर लांबीची लोखंडी दांडी तापमान १५ अंशांनी वाढलं तरी ०.२ मिलिमीटरसुद्धा लांबत नाही. तीन मिलिमीटरचा हिशोब तेवढ्याने लागत नाही.

न्यूटनच्या दोन विहिरी

न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये हा धागा उचलला. त्याचा मुद्दा असा: पृथ्वी फिरते तर ती पूर्ण गोल राहूच शकत नाही. त्यासाठी त्याने मनातल्या मनात दोन विहिरी खणल्या. एक ध्रुवापासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत, दुसरी विषुववृत्तापासून केंद्रापर्यंत. तळाशी दोन्ही जोडलेल्या आणि पाण्याने काठोकाठ भरलेल्या. पाणी स्थिर राहायचं तर दोन्ही स्तंभांचा तळाशी पडणारा दाब सारखा हवा. पण विषुववृत्ताकडच्या विहिरीतल्या पाण्याला फिरण्याचा कर लागतो, त्यामुळे ते किंचित हलकं असतं. तोल साधायला तो स्तंभ जास्त उंच हवा. म्हणजे पृथ्वी मध्यावर फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी असली पाहिजे. पृथ्वी आतून सगळीकडे सारख्या घनतेची आहे असं धरून न्यूटनने दोन त्रिज्यांचं प्रमाण काढलं, २३० ला २२९.

प्रत्यक्षात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय ६,३५७ किलोमीटर आहे. फरक २१ किलोमीटरचा, म्हणजे साधारण २९८ भागांत एक भाग. न्यूटनचा अंदाज याहून जास्त चपटा होता. तो नेमका किती चुकला, याला पुढे फार महत्त्व आलं.

आपला राहिलेला हिशोब इथे पुरा होतो. विषुववृत्तावर आपण केंद्रापासून २१ किलोमीटर जास्त लांब आहोत. नुसतं अंतर पाहिलं तर ओढ ०.६७ टक्क्यांनी कमी व्हायला हवी. पण तो फुगवटा काही पोकळ नाही. त्यातलं जास्तीचं द्रव्यही आपल्याला ओढतं आणि गेलेल्यातलं बरंच परत देतं. निव्वळ घट उरते सुमारे ०.१८ टक्के. फिरण्याचा थेट कर ०.३५ आणि आकारामुळे आलेली ही घट ०.१८. मिळून ०.५३ टक्के. ध्रुवावर गुरुत्वीय त्वरण ९.८३२ आणि विषुववृत्तावर ९.७८० भरतं, ते याचमुळे. आणि आकार बदलला तोही फिरण्यामुळेच. दोन्ही कर शेवटी एकाच खात्यातले.

संत्रं की लिंबू?

न्यूटनचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. फ्रान्समध्ये झाक कासीनी याने केलेल्या जमीनमोजणीवरून उलटंच दिसत होतं, पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असं. न्यूटनचं संत्रं की कासीनीचं लिंबू, या वादाचा निकाल लावायला फ्रेंच अकादमीने दोन मोहिमा धाडल्या. एक १७३५ मध्ये विषुववृत्ताजवळ, आज ज्याला एक्वादोर म्हणतात त्या भागात. दुसरी १७३६ मध्ये उत्तरेला लॅपलँडमध्ये. काम एकच होतं, अक्षांशाच्या एका अंशाची जमिनीवरची लांबी मोजायची. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असेल तर तिथे एक अंश जास्त लांब भरायला हवा. तसाच भरला. आजच्या मोजणीप्रमाणे विषुववृत्ताजवळ एक अंश ११०.६ किलोमीटरचा आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटरचा आहे. संत्रं जिंकलं.

लॅपलँडच्या तुकडीत आलेक्सी क्लेरो नावाचा विशीतला गणिती होता. १७४३ मध्ये त्याने एक सुंदर नातं सिद्ध केलं. त्यात तीनच आकडे लागतात. पहिला, विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत गुरुत्वाकर्षण किती टक्क्यांनी वाढतं. दुसरा, पृथ्वी किती टक्के चपटी आहे. तिसरा, विषुववृत्तावरचा फिरण्याचा कर. पहिल्या दोघांची बेरीज ही तिसऱ्याच्या अडीच पट असते.

आकडे घालून पाहू. ०.५३० अधिक ०.३३५ बरोबर ०.८६५. आणि ०.३४६ गुणिले अडीच बरोबर ०.८६५. नातं चोख बसतं.

याचा व्यवहारातला उपयोग फार मोठा होता. जंगलं तोडत, डोंगर चढत अंशाची लांबी मोजण्याची गरज उरली नाही. जागोजागी लंबक टांगून गुरुत्वाकर्षण मोजलं की पृथ्वीचा आकार कागदावर काढता येऊ लागला.

खरी मजा मात्र पुढे आहे. पृथ्वी आतून सगळीकडे सारख्या घनतेची असती, तर ही बेरीज दोघांत समान वाटली गेली असती. चपटेपणा ०.४३ आणि गुरुत्वाकर्षणातली वाढही ०.४३. न्यूटनचा २३० चा आकडा हाच. याउलट सगळं वस्तुमान केंद्रात एका बिंदूत गोळा झालेलं असतं, तर चपटेपणा फक्त ०.१७ टक्के आला असता. प्रत्यक्षातला ०.३३५ या दोन टोकांच्या मध्ये पडतो. म्हणजे पृथ्वीचं द्रव्य सारखं पसरलेलं नाही, ते आत जाईल तसं दाट होत जातं. भूकंपाच्या लाटांचा अभ्यास करून रिचर्ड ओल्डहॅम यांनी पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा दिला तो १९०६ मध्ये. ते त्याआधी भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात होते. त्यांच्या कितीतरी आधी लंबकाच्या झोक्याने आत काहीतरी जड असल्याची चाहूल दिली होती.

भारतातही हे लंबक फिरले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले कॅप्टन जेम्स बॅसेवी यांनी १८६५ पासून दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी लंबक टांगून मोजणी केली. झोके मोजायचे तर तापमान, हवेचा दाब, घड्याळाची चूक, सगळ्याची नोंद ठेवत दिवसच्या दिवस एका जागी बसावं लागे. शेवटची मोजणी लडाखच्या उंच पठारावर करायची होती. तिथल्या थंडीत १८७१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पाठ्यपुस्तकातल्या ‘९.८’ च्या पुढच्या दशांशांची किंमत अशीही मोजली गेली आहे.

‘खाली’ म्हणजे कुठे?

आणखी एक बारकावा. फिरण्याचा परिणाम अक्षापासून दूर ढकलतो, केंद्रापासून दूर नव्हे. विषुववृत्तावर या दोन्ही दिशा एकच असतात, पण मधल्या अक्षांशांवर त्या वेगळ्या असतात. त्यामुळे गवंड्याचा ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे बोट दाखवत नाही. ४५ अक्षांशावर तो सुमारे ०.२ अंशांनी चुकतो. तीच रेषा आत वाढवत नेली तर ती केंद्राला २० किलोमीटरहून अधिक अंतराने हुकवून जाईल.

ओळंब्याला काटकोनात जे असतं त्याला आपण सपाट म्हणतो आणि पाणीही तेच मानतं. मिसिसिपी नदी मिनेसोटात उगम पावते आणि लुइझियानात समुद्राला मिळते. केंद्रापासूनचं अंतर मोजलं, तर तिचं मुख तिच्या उगमापेक्षा सुमारे ६ किलोमीटर लांब आहे. म्हणजे त्या अर्थाने नदी वर चढते! तिच्या दृष्टीने मात्र ती उतारावरूनच वाहते, कारण उतार ठरवतं ते हातात पडणारं गुरुत्वाकर्षण. एक्वादोरमधलं चिंबोराझो शिखर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टपेक्षा अडीच किलोमीटरहून जास्त बुटकं आहे, तरी पृथ्वीच्या केंद्रापासून ते एव्हरेस्टपेक्षा सुमारे २ किलोमीटर लांब भरतं, ते याच फुगवट्यामुळे.

उद्या पृथ्वी हळूहळू फिरायची थांबली, तर आपण उडून जाणार नाही. विषुववृत्तावरच्या ७० किलोच्या माणसाचा काटा सुमारे २४० ग्रॅम जास्त दाखवेल आणि महासागरांचं पाणी फुगवट्यावरून उतरून ध्रुवांकडे धाव घेईल. त्यातलं पहिलं कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसऱ्याने जगाचा नकाशा बदलेल.

सोनं, वजन आणि विमान

आता आपल्या गावांकडे येऊ. समुद्रसपाटीसाठीच्या प्रमाण सूत्राप्रमाणे गुरुत्वीय त्वरण सिंगापूरला ९.७८०, मुंबईला ९.७८६, दुबईला ९.७९०, मेलबर्नला ९.८००, न्यूयॉर्कला ९.८०२, लंडनला ९.८१२ आणि हेलसिंकीला ९.८१९ येतं. प्रत्यक्षातले आकडे जागेची उंची आणि खालचा खडक यांमुळे थोडे इकडेतिकडे होतात. एक किलोमीटर वर गेलं की साधारण ०.०३ टक्के घट होते.

मग लंडनहून सोनं नेलं तर मुंबईत ते कमी भरेल का? ते काट्यावर अवलंबून आहे. जुना दोन पारड्यांचा तराजू असेल तर नाही. एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात मापं. गुरुत्वाकर्षण कमी झालं तर दोन्हीकडे सारखंच होतं, तोल बिघडत नाही. तराजू वस्तुमानांची तुलना करतो. स्प्रिंगचा काटा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र वस्तू किती जोराने खाली दाबते ते मोजतो आणि त्या जोराचा अर्थ ग्रॅममध्ये लावतो. लंडनला लावलेला असा काटा मुंबईत नेऊन तसाच वापरला, तर १० ग्रॅमचं वळं ९.९७३ ग्रॅम दाखवेल. मिलिग्रॅममध्ये तोलणाऱ्या सराफाला हा फरक स्पष्ट दिसेल. म्हणूनच अचूक काटे ज्या गावी वापरायचे तिथेच प्रमाणित मापं ठेवून लावून घेतात. एकदा तसा लावला की तो बरोबर १० ग्रॅमच दाखवतो. सोनं तेवढंच होतं, बदलली होती ती खेच.

आपल्या वजनाचंही तेच. मुंबईत लावलेला काटा सोबत घेऊन लंडनला गेलेल्या ७० किलोच्या माणसाचं वजन सुमारे १९० ग्रॅम वाढलेलं दिसेल. एवढ्याचा दोष अक्षांशाला देता येईल. त्यावरच्या वाढीचं कारण ज्याने त्याने स्वयंपाकघरात शोधावं.

आणि विमानातलं वजन? आपण स्वतः पूर्वेकडे जाऊ लागलो की पृथ्वीच्या फिरण्यात आपला वेग मिळतो आणि कर वाढतो. पश्चिमेकडे गेलो की आपला वेग वजा होतो आणि कर कमी होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर घेतलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजण्या पाहून हंगेरीचे लोरांड ओत्वोश यांनी दाखवून दिलं की त्यांत जहाजाच्या स्वतःच्या गतीचा हिशोब धरलेला नाही. मग १९०८ मध्ये काळ्या समुद्रात पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांवर हा परिणाम पडताळण्यात आला. आज त्याला त्यांचंच नाव आहे. मुंबई–लंडन प्रवासात विमान जाताना वायव्येकडे आणि येताना आग्नेयेकडे जातं. उंची तीच आणि ताशी ९०० किलोमीटर हा वेग दोन्ही वेळा सारखाच धरला, तर ७० किलोचा माणूस जातानापेक्षा येताना साधारण साडेतीनशे ग्रॅम हलका असतो. विमानाच्या हेलकाव्यांत हे कळत नाही, हा भाग वेगळा.

जिथे कर जड आहे

पृथ्वीवर हा कर अर्ध्या टक्क्याचा, पण सगळीकडे असं नाही. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, तरी तो साधारण साडेदहा तासांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे तो इतका चपटा झालाय की चांगल्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना ते जाणवतं. त्याची ध्रुवीय त्रिज्या विषुववृत्तीय त्रिज्येपेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी आहे. त्याला जमीन नाही, पण ढगांच्या ज्या थरात दाब आपल्या हवेइतका असतो तिथे मोजलं तर ध्रुवावर गुरुत्वीय त्वरण सुमारे १२ आणि विषुववृत्तावर सुमारे ९ येतं. इथे ६० किलो दाखवणारा काटा शनीच्या ध्रुवावर ७४ च्या आसपास दाखवेल आणि विषुववृत्तावर ५५. एकाच ग्रहावर तुम्ही पृथ्वीपेक्षा जडही असाल आणि हलकेही.

शुक्र याच्या दुसऱ्या टोकाला. एका फेरीला २४३ दिवस. कर जवळजवळ शून्य, म्हणून तो जवळजवळ पूर्ण गोल.

नेपच्यूनच्या पलीकडचा हौमेया हा बटुग्रह चार तासांच्या आत एक फेरी मारतो आणि ताणला जाऊन अंड्यासारखा लांबट झाला आहे. ज्याचा नमुना २०२३ मध्ये पृथ्वीवर आणला गेला, तो बेन्नू हा सुमारे अर्धा किलोमीटरचा लघुग्रह तर सैल दगडगोट्यांचा ढीग आहे. तो ४.३ तासांत फिरतो आणि त्याच्या विषुववृत्तावर त्याच्या दुबळ्या ओढीचा साधारण निम्मा भाग करात जातो. त्यामुळे त्याचा आकार भोवऱ्यासारखा दिसतो. असे काहीशे मीटरहून मोठे लघुग्रह साधारण २.२ तासांपेक्षा वेगाने फिरताना क्वचितच सापडतात. त्यापुढे कर ओढीहून जास्त होतो आणि ढीग विखरतो. पृथ्वीसाठी आपण काढलेला १ तास २४ मिनिटांचा हिशोब तिथे प्रत्यक्षात लागू झालेला दिसतो. त्यांची घनता कमी म्हणून मर्यादा थोडी वेगळी, एवढंच.

हा कर काही वेळा परतही मिळतो. रॉकेट सोडताना पृथ्वीचा फिरण्याचा वेग आयता मिळतो, म्हणून प्रक्षेपणतळ शक्यतो विषुववृत्ताजवळ आणि पूर्वेला मोकळा समुद्र असेल अशा जागी बांधतात. श्रीहरिकोटाला सेकंदाला सुमारे ४५२ मीटर मिळतात. युरोपचा तळ कुरू इथे आहे, तिथे ४६३. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला तिथूनच निघाली. कुरू आहे फ्रेंच गियानामध्ये, कायेनच्या वायव्येला, त्याच किनाऱ्यावर. रिशेचं घड्याळ रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडत होतं ते तिथेच.